शाहिराच्या गाण्यांमागे चौदा वर्षे

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पहाटे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त रहिवासी रस्त्यावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. चारच दिवसांनी मुलुंडच्या एका झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. निरोपाच्या मजकुरात आंबेडकरी एकजुटीचा जयघोष होता.

ही बातमी आनंद पटवर्धन यांना परक्याच्या मृत्यूची नव्हती. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या हकालपट्टीवरील त्यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात घोगरेंचे गाणे होते. तो आवाज त्यांच्या मनातून गेला नव्हता. असे गाणारा माणूस आत्महत्येपर्यंत कसा पोहोचला, या एका प्रश्नासाठी त्यांनी कॅमेरा उचलला, आणि तो खाली ठेवायला चौदा वर्षे लागली.

एका गायकाचा इतका ध्यास कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर घोगरेंच्या आयुष्यातच आहे. ते ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या कलापथकाचे शाहीर. अखेरच्या काळात पथकाशी त्यांचे बिनसले होते. मृत्यूसमयी त्यांनी जवळ केली ती निळी खूण. लाल आणि निळा या दोन रंगांमधले अंतर महाराष्ट्राच्या राजकारणाला दशकानुदशके जाचत आले आहे. घोगरेंना ते प्राणांतिक ठरले. ‘जय भीम कॉम्रेड’ या शीर्षकात तेच दोन शब्द शेजारी उभे आहेत.

पुरावे गोळा करणाऱ्या चित्रकर्त्याला गाण्यांनी वेगळ्याच वाटेने नेले. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, मग वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची गाणी, अशी ही परंपरा. अक्षरओळख नसलेल्या वस्तीतही विचार पोहोचले ते ढोलकीवर. सुमारे सव्वातीन तासांच्या या चित्रपटात कथनाचा मोठा भार गाणीच वाहतात. कोर्टकचेरीचे तपशील तेथे आहेतच: गुंडेवार आयोगाने ठपका ठेवलेले उपनिरीक्षक मनोहर कदम, २००९ साली त्यांना झालेली जन्मठेप, त्यानंतरचा जामीन. पण प्रेक्षकाच्या लक्षात राहते ते गाणे. चित्रपटाची लांबी काहींना खटकली. ती छाटली असती तर गाणी तुटली असती, आणि मग उरले असते केवळ एक प्रकरण.

चित्रीकरण चालू असतानाच कॅमेऱ्यासमोर एक तरुण पथक आले. २००२ च्या गुजरात दंगलीनंतर पुण्यात उभा राहिलेला ‘कबीर कला मंच’. शीतल साठे, सचिन माळी आणि त्यांचे सहकारी जात, स्त्री आणि भूक या विषयांवर वस्त्यावस्त्यांतून गात. घोगरेंच्या शोकातून सुरू झालेल्या कथेला येथे वारस सापडले. चित्रपटाचा सूर येथून पालटतो.

मात्र वारसांची वाटही तशीच बिकट निघाली. २०११ मध्ये मंचाच्या काही सदस्यांना नक्षलवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून अटक झाली आणि बाकीचे भूमिगत झाले. आपले शस्त्र गाणे एवढेच, असे मंचाचे म्हणणे होते. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत रहिवाशांसमोर चित्रपट उघड्यावर दाखवला गेला, तेव्हा पडद्यावर गाणारी शीतल साठे स्वतः कोठेही गाऊ शकत नव्हती. त्याच वर्षी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. ज्यांचे चित्रण केले त्यांच्या बचाव समितीत आता पटवर्धन काम करू लागले होते.

२ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर प्रकट झाले व पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतल तेव्हा गरोदर होत्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. माळी आणि मंचाच्या आणखी दोघांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये.