एकेचाळीस किलोमीटर उंचीवरचे जीवाणू आणि माळव्याची काळी माती

धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या आश्रयाने पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत ‘मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न अद्याप विचारला जातो. हाच प्रश्न डॉ. जयंत नारळीकरांनी सजीवसृष्टीविषयी विचारला होता. त्या प्रयोगाची हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, तिचा एक धागा अखेरीस माळव्याच्या शेतात येऊन पोहोचतो.

नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरास झाला आणि बालपण काशीत गेले. परमुलखातील मराठी घर त्यांना अनोळखी नव्हते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल हे त्यांचे गुरू. हॉइल व चंद्र विक्रमसिंघे यांचे मत असे की, पृथ्वीवरील जीवन धूमकेतूंच्या धुळीतून आले आणि ते आजही येत असावे. बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी हे मत मानले नाही. आमच्या मते, गुरूच्या मताचा नुसता कैवार न घेता ते कसोटीस लावण्याची सोय करणे, हे नारळीकरांचे मोठेपण होय.

कसोटी अशी : जीवाणू वरून येत असतील, तर जमिनीवरची धूळ सहसा पोहोचत नाही अशा उंचीवरच्या हवेत ते सापडावेत. २००१ च्या जानेवारीत हैदराबादहून पहिला फुगा सोडण्यात आला. दुसरा २० एप्रिल २००५ रोजी सोडला. सुमारे साडेसात लाख घनमीटर घनफळाच्या या फुग्याखाली ४५९ किलो वजनाची सामग्री होती. तीत निर्वात व निर्जंतुक केलेल्या पोलादाच्या सोळा नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. निऑनच्या थंडीने आत शिरलेली हवा गोठते आणि बाहेरची विरळ हवा आपोआप आत ओढली जाते. पंपाची गरज उरत नाही. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा अशी भरून नळ्या हवाई छत्रीने खाली उतरवण्यात आल्या.

हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. शिवाजी यांनी, तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी नमुने तपासले. जीवाणूंच्या बारा व बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. तीन जीवाणू नवे ठरले. २००९ साली त्यांची नावे जाहीर झाली : हॉइल यांच्या स्मरणार्थ जॅनिबॅक्टर हॉइलाय, इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय.

त्या उंचीवर हवेचा दाब अत्यल्प असतो, शुष्कता असते आणि ओझोनचा बराचसा थर खाली राहिल्याने सूर्याचे अतिनील किरण थेट पेशीच्या डीएनएवर आघात करतात. हे तिन्ही जीवाणू आपल्या निकटच्या भाऊबंदांपेक्षा या किरणांना अधिक दाद न देणारे निघाले. बॅसिलस कुळातील जीव संकटकाळी बीजाणूचे कवच धारण करतात. त्यात पाणी अल्प असते आणि विशिष्ट प्रथिने डीएनएला लपेटून जपतात. जपानी संशोधकांनी अंतराळस्थानकाबाहेर ठेवलेले डायनोकॉकस जीवाणू तर तीन वर्षांनंतरही जिवंत राहिल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. तेथे वरचे थर मेले आणि त्यांच्या आडोशाने आतले वाचले.

‘परग्रहावरचे जीव सापडले’ असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. प्रयोगकर्त्यांनी तो टाळला. हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे सिद्ध होत नाही, असे इस्रोने तेव्हाच सांगितले. वर तग धरता येते म्हणून वस्ती वरचीच होती, असे ठरत नाही. वावटळ, ज्वालामुखी वा वादळ यांनी मातीतला जीव वर नेला असेल, ही शक्यता राहतेच.

आणि नेमके तसेच सुचवणारे पुरावे पुढे मिळाले. बॅसिलस आर्यभट्टाय ठिकठिकाणच्या मातीत आढळू लागला. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संचालनालयातील शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या मातीतून त्याचे वाण वेगळे काढले आणि २०१४ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या काळ्या जमिनीत अडकून पडलेले जस्त तो विरघळवतो व सोयाबीन आणि गहू यांना ते उपलब्ध करून देतो. धार-देवासकडे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू पिकतो, तोही याच काळ्या मातीत. हॉइल यांच्या मताला ही गोष्ट अनुकूल नाही, हे आम्हांस मान्य करावे लागते. मात्र वरून आलेला जीव मातीत रुजला असेल, असे त्यांचा अनुयायी म्हणू शकेल. त्या वादाचा निकाल लावायचा तर पेशींतील समस्थानिकांचे प्रमाण पार्थिव जीवांहून निराळे आहे काय, हे पाहावे लागेल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या फुग्याने टिपलेल्या त्या जीवाणूचे २०२० च्या नव्या वर्गीकरणात बॅसिलस हे प्रजातिनाम जाऊन प्रिस्टिया झाले आहे. पुढचे आर्यभटाचे नाव तसेच ठेवले आहे.