कॉमिक कॉनच्या आधीचं पैठण

या भागात आपण पैठणला चाललोय. पण आजचा विषय पैठणी नाही, नाथसागर धरण नाही, सातवाहनांची नाणीही नाहीत. आजचा विषय आहे फॅन कन्व्हेन्शन. बरोबर ऐकलंत. कॉस्प्ले, कॅनन, फॅनफिक्शन, सगळं येणार आहे. फक्त काळ आहे सोळाव्या शतकाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन 1939 च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला भरलं. जेमतेम दोनशे माणसं होती. त्यात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांचा पोशाख घालून आले. दोन्ही पोशाख मर्टलनं स्वतः शिवले होते. आजच्या कॉस्प्लेचा इतिहास सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. पुढे 1970 मध्ये सॅन डिएगोचं कॉमिक कॉन सुरू झालं आणि 2011 मध्ये दिल्ली हाटला भारतातलं पहिलं कॉमिक कॉन भरलं.

अशा संमेलनात लोक नेमकं करतात काय? माझ्या मते चार गोष्टी. आवडत्या पात्राचा वेश घेतात. मूळ कथा कोणती आणि मागून घुसडलेली कोणती, यावर तावातावानं भांडतात. अपुरी राहिलेली कथा स्वतः पुढे नेतात. आणि दरवर्षी ठरल्या वेळी पुन्हा जमतात. या चारही गोष्टी पैठणमध्ये सापडतात.

पण पैठणचं कल्पनारम्य कथांशी नातं त्याहूनही जुनं आहे. विक्रम-वेताळ तुम्हाला माहीतच असेल. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी ‘चांदोबा’मध्ये वाचलाय किंवा दूरदर्शनवर पाहिलाय. या वेताळाच्या गोष्टी अकराव्या शतकातल्या काश्मिरी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त येतात. तिथे प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा राजा आहे त्रिविक्रमसेन. त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजेच आपलं पैठण!

याच ग्रंथात गुणाढ्याची गोष्ट आहे. हा सातवाहन राजाच्या दरबारातला पंडित. राजाला संस्कृत शिकवायला सहा वर्षं लागतील, असं तो म्हणाला. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, सहा महिने पुरेत. पैज लागली, गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणे त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या. मग विंध्याच्या जंगलात जाऊन तो पैशाची भाषा शिकला आणि तिच्यात त्यानं सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. आकाशात उडणारे विद्याधर, शाप, मायावी नगरं, सगळं होतं तिच्यात. शाई नव्हती म्हणून त्यानं रक्तानं लिहिलं, असं सोमदेव सांगतो. राजानं ती नाकारली. मग गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवत राहिला आणि आगीत टाकत राहिला. हरणं चरायचं विसरून ऐकत उभी. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते.

ही झाली दंतकथा. पण एक गोष्ट खरी आहे. मूळ ‘बृहत्कथा’ आज कुठेच नाही. आपल्या हातात आहेत ती सोमदेव, क्षेमेंद्र, बुधस्वामी यांच्यासारख्या नंतरच्या लोकांनी केलेली रूपांतरं. एवढा मोठा ग्रंथ, पण ज्या भाषेत होता ती भाषा बोलणारं आणि तो दरवर्षी म्हणणारं कुणी उरलं नाही.

आता येऊ संत एकनाथांकडे. पैठणचेच. देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे शिष्य.

पहिली गोष्ट कॅननची. ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्या हस्तलिखितांत पाठभेद शिरले, कुणाकुणाच्या ओव्याही घुसल्या. नाथांनी वेगवेगळ्या प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी तंबीच दिली. यापुढे यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. एखाद्या कट्टर फॅननं ‘मूळ कथेला हात लावू नका’ म्हणावं, अगदी तोच सूर.

दुसरी गोष्ट अपुऱ्या कथेची. नाथांचं ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या 44 व्या अध्यायापर्यंत आलं आणि नाथ गेले. पुढचा भाग त्यांच्या गावबा नावाच्या शिष्यानं पूर्ण केला. परंपरा सांगते की हा पुरणपोळीसाठी हट्ट करणारा पोरगा होता आणि लोक त्याला अगदीच साधा समजायचे. मला यातली गंमत आवडते. ज्ञानेश्वरीत एक ओवी वाढवू न देणाऱ्या माणसाचा स्वतःचा ग्रंथ मात्र शिष्यानं पुरा केला, आणि लोकांनी तो नाथांचाच म्हणून वाचला.

तिसरी गोष्ट वेशाची. भारूड! वासुदेव, जोशी, गोंधळी, डोंबारी, भूत, एडका, विंचू... नाथांनी सव्वाशेच्या आसपास विषयांवर भारुडं लिहिली. मी पाहिलेल्या एका विंचवाच्या भारुडात नऊवारी नेसलेला कलाकार असा लोळला, असा कळवळला, की पोरं हसून बेजार. आणि मग एका क्षणी तो सरळ उभा राहिला आणि सांगितलं की हा विंचू म्हणजे काम आणि क्रोध. मंडपात एकदम शांतता. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात भारूड म्हटलं की निरंजन भाकरे यांचं नाव निघायचं. सिल्लोड तालुक्यातले हे कलाकार 2021 मध्ये गेले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींनी ही कला बाईच्या आवाजात गाजवली.

आता जरा अवघड मुद्दा. कॉमिक कॉनमध्ये आपण बहुतेक वेळा ताकदवान पात्राचा वेश घेतो. नाथांनी उलटं केलं. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं, त्यांच्या तोंडून ते बोलले. त्यांच्या जोहारांमध्ये महार ‘मी’ म्हणून बोलतो आणि गावच्या कारभाराचा हिशेब मागतो. पैठणच्या ब्राह्मणानं हे करणं त्या काळात सोपं नव्हतं. पण जोहार नाथांच्या आधी चोखोबांनीही लिहिले आहेत, आणि चोखोबांसाठी तो वेश नव्हता. तो त्यांचा जन्म होता. भारूड संपल्यावर कलाकाराला पोशाख उतरवता येतो, चोखोबांना तो कधीच उतरवता आला नाही. म्हणून नाथांचं धाडस मान्य करताना हा फरक विसरायचा नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बोलणं ही सुरुवात असते. ज्याची जागा आहे त्याचं बोलणं ऐकणं, ही पुढची पायरी.

आणि चौथी गोष्ट, दरवर्षी जमण्याची. 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. तीच नाथषष्ठी. साधारण रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. गावोगावच्या दिंड्या चालत पैठणला येतात, गोदाकाठी राहुट्या पडतात, फडाफडांवर कीर्तन, भजन, भारूड रंगतं. षष्ठी, सप्तमी, अष्टमी असे तीन दिवस, आणि शेवटी काल्याची दहीहंडी. इथे ना तिकीट, ना मनगटाला बांधायचा पट्टा. ज्याला जे पाठ आहे ते तो म्हणतो.

वारकरी म्हणजे फॅन, असं मी म्हणत नाहीये. फॅनला कथा आवडते. वारकऱ्याचं जगणंच तिच्याभोवती फिरतं, त्यात उपास आहे, माळ आहे, नेम आहे. पण कथा जिवंत ठेवण्याची रीत दोघांची एकच आहे.

पैठणनं दोन्ही शेवट पाहिलेत. गुणाढ्याची कथा पानांवर होती, पानं गेली आणि कथाही गेली. जे वाचलं ते इतरांनी आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं म्हणून. नाथांची भारुडं माणसांच्या अंगात शिरली, म्हणून चारशे वर्षांनंतरही कुणीतरी विंचू चावल्यासारखं लोळतंय आणि पोरं हसतायत. आज आपल्याला वाटतं की सगळं क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. तुमच्या आजीला एखादं भारूड येत असेल, तर नुसतं रेकॉर्ड करून ठेवू नका. शिका, आणि कुणासमोर तरी करून दाखवा. हसतील. हसू द्या, भारूड त्यासाठीच असतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, सांगत राहा!