दक्षिणेंतील कर्जबाजारी शेतकरी आणि १८७९ चा कायदा

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस होता. पुणें जिल्ह्यांतील त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांत मोडणाऱ्या या गांवीं आसपासच्या खेड्यांतील कुणबी नेहमींप्रमाणें जमले. परंतु त्या दिवशीं त्यांचें लक्ष बाजारावर नव्हतें. त्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, माल लुटला आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळल्या. हें लोण थोड्याच दिवसांत पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गांवांत पोंचलें. तत्पूर्वींच, १८७४ च्या डिसेंबरांत, शिरूर तालुक्यांतील करडें गांवानें एका सावकारावर बहिष्कार घालून त्याचें पाणी, न्हावी व परीट बंद केले होते.

या दंग्यांविषयीं सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, सावकारांच्या जिवावर उठण्याचा दंगेखोरांचा हेतु दिसत नाहीं. ज्या ठिकाणीं सावकारानें आपण होऊन कागद स्वाधीन केले, त्या ठिकाणीं बहुधा पुढें कांहींच घडलें नाहीं. राग माणसापेक्षां कागदावर अधिक होता. सुमारें साडेनऊशें लोक पकडले गेले व त्यांतील निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाल्या. तरी एवढें वैर कागदाशीं कां, हा प्रश्न सरकारला टाळतां आला नाहीं. त्याच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनचा अहवाल १८७६ मध्यें सादर झाला.

त्या अहवालांत व तत्कालीन कागदपत्रांत जी हकीकत आढळते ती एकाच कारणाची नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारही सढळ हातानें कर्ज देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलें. त्याच सुमारास तीस वर्षांच्या बंदोबस्ताची मुदत संपून १८६७ पासून इंदापूर तालुक्यापासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा पुष्कळच वाढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें १८७० मध्यें स्थापना झाल्यावर लवकरच या वाढीविरुद्ध आवाज उठविला.

परंतु खरा फांस कायद्याचा होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोचें रक्षण करण्याचा. परिणाम नेमका उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वीं सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवा रोखा लिहून घेई. शंभर रुपयांचे दरमहा दरशेंकडा दोन रुपये दरानें तीन वर्षांत एकशें बहात्तर होत. त्यांचा नवा रोखा केला कीं सहाव्या वर्षाअखेर जवळजवळ तीनशें, आणि नवव्या वर्षाअखेर पांचशेंच्या वर! एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक व्याज वसूल करूं नये, हा दामदुपटीचा जुना नियम हिंदु धर्मशास्त्रांत होता व मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंही तो मानीत. पण ज्या रोख्यांत व्याजाचेंच मुद्दल होऊन बसलें, त्यापुढें तो नियम काय करणार? अक्षरशत्रु कुणबी अंगठा उठवी, आणि समन्स आलें तरी नांगर सोडून तालुक्याच्या कोर्टांत जाणें त्याला परवडत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा, जप्ती आणि अखेर दिवाणी तुरुंग.

सावकाराला सर्वस्वीं राक्षस ठरविणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. साऱ्याचा हप्ता भरण्यास, बियाण्यास, बैलास व लग्नास पैसा देणारा गांवांत दुसरा कोणी नव्हता. बिघडलें होतें तें एवढेंच कीं, पूर्वीं गांवाच्या लोकलज्जेनें ज्याचा हात आंवरला जाई, त्याच्या पाठीशीं आतां सरकारी न्यायालय उभें राहिलें होतें.

१८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आणि १८७९ च्या आरंभीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड, यांनंतर त्याच वर्षीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता मंजूर झाला. त्यांतील सर्वांत धाडसी तरतूद अशी कीं, न्यायाधीशानें रोख्यावरील आंकड्यावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन प्रत्यक्ष किती रक्कम दिली व किती फेडली, हें तपासावें. कराराचें पावित्र्य हा ज्या न्यायपद्धतीचा गाभा, तिनेंच कराराआड पाहण्याचा अधिकार घेतला! कर्जासाठीं शेतकऱ्याला तुरुंगांत टाकणें बंद झालें. जमीन स्पष्टपणें तारण लिहून दिली नसेल तर ती विकली जाईना. हप्ते बांधून देतां येऊं लागले. पन्नास रुपयांपर्यंतच्या कर्जाचा ऋणको खरोखरच निष्कांचन आढळल्यास त्याला मोकळें करण्याचीही मुभा होती. दाव्यापूर्वीं सलोखा करणाऱ्या पंचांची आणि दस्तऐवज गांवींच नोंदण्याचीही सोय करण्यांत आली. उच्च न्यायालयांत जाण्यापूर्वीं महादेव गोविंद रानडे यांनीं याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिलें.

कायद्यानें जुलूम कमी झाला. पण पतही आखडली. सावकारही स्वस्थ बसले नाहींत. गहाणखताऐवजीं ते सरळ खरेदीखत लिहून घेऊं लागले, आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याचें वचन तोंडींच राहूं लागलें. हा मार्ग बंद करण्यासाठीं पुढें कायदा दुरुस्त करून अशा खरेदीमागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस द्यावा लागला.

खरी उणीव होती ती स्वस्त भांडवलाची. सर विल्यम वेडरबर्न यांनीं ती ओळखून पुरंदर तालुक्यांत प्रयोगादाखल शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. जुनीं कर्जें सरकारनें तडजोडीनें फेडावीं आणि पुढील कर्ज पेढीनें माफक व्याजानें द्यावें, असा तिचा आशय होता. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें १८८४ मध्यें तिला अनुकूलता दर्शविली, पण लंडनच्या इंडिया ऑफिसनें ती नामंजूर केली. त्याच सुमारास १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाईची सोय झाली खरी. परंतु ती जुन्या कर्जाच्या ओझ्याला हात लावीत नव्हती. सहकारी पतपेढ्यांचा कायदा होण्यास १९०४ साल उजाडलें, आणि १८७९ चा कायदा सबंध मुंबई इलाख्यास लागू होण्यास १९०५. कर्जाचा आंकडाच ऋणकोच्या फेडण्याच्या ऐपतीप्रमाणें उतरविणारीं कर्जनिवारण मंडळें मुंबई प्रांताच्या कायद्यांत आलीं तीं १९३९ मध्यें, सुप्याच्या त्या बाजाराच्या दिवसानंतर चौसष्ट वर्षांनीं.