स्खलन: चार ओळी आणि भाष्य

(कोशातल्या नोंदीच्या धर्तीवर या ओळी मीच रचल्या आहेत.)

१. स्खलन म्हणजे अडखळणे.

धातू 'स्खल्'. धातुपाठ त्याचा अर्थ 'संचलने' असा देतो. आधी पाय घसरतो, मग जीभ. दरड कोसळली की सरकारी पत्रकात 'भूस्खलन' होते. सभेत पाहुण्यांच्या 'अस्खलित वाणी'चे कौतुक करताना मात्र कोणी लाजत नाही.

२. गोत्रस्खलन म्हणजे नावाची चूक.

इथे 'गोत्र' म्हणजे कुळ नव्हे, नाव. जवळ एक असताना तोंडून दुसरीचे नाव निसटणे. 'कुमारसंभवा'च्या चौथ्या सर्गात मदन जळून राख झाला आहे आणि रती त्याला विचारते आहे, अशा चुकीबद्दल मी तुला कमरपट्ट्याने बांधायचे, ते तर मनात धरले नाहीस ना? प्रत्यक्ष कामदेवाचे स्खलन, पण जिभेचे!

३. स्खलन म्हणजे रेत सुटणे.

महाभारत अशा जागी 'स्कन्द्' हा धातूही वापरते. घृताचीला पाहून भरद्वाजांचे रेत सांडले, त्यांनी ते द्रोणात ठेवले, त्यातून द्रोणाचार्य जन्मले. कार्तिकेयाचे 'स्कंद' हे नावही तिथे याच सांडण्याशी जोडले आहे. म्हणजे सांडले त्यातून दोन सेनापती निघाले. पुढे ब्रह्मचर्याच्या उपदेशात मात्र हेच सांडणे निव्वळ तोटा ठरले, आणि 'नैतिक स्खलन' म्हटले की मान खाली जाऊ लागली. रुळांलगतच्या भिंतीवर रंगवलेली 'शीघ्रपतना'ची जाहिरात बघा. स्खलन म्हणा की पतन, पुरुष पडतोच.

४. स्त्रीचे:

ही ओळ रिकामी आहे. स्त्रीच्या कामसुखाचा वाद जुना आहे: कामसूत्रात औद्दालकीचे मत वेगळे, बाभ्रव्याच्या अनुयायांचे वेगळे, आणि वात्स्यायनाचा निर्वाळा असा की सुख दोघांनाही सारखेच. तरी घरच्या बोलण्यात तिच्या सुखाला नाव पडले नाही. 'कामपूर्ती', 'रतितृप्ती' हे छापील शब्द; माजघरात ते कोणी उच्चारत नाही. डॉक्टर 'ऑरगॅझम' म्हणतात. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ रसाने फुगणे, फळासारखे पिकायला येणे. तिकडे पिकणे, इकडे घसरणे! र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून स्त्रीच्या कामसुखाविषयी उघड लिहीत राहिले. दवाखान्यात बाई अजूनही खालच्या आवाजात 'समाधान होत नाही' एवढेच सांगते. आणि हे 'समाधान' ज्या धातूपासून आले, त्याच धातूपासून योग्यांची 'समाधी' आली आहे.