जाहिरातरोधक विस्तारके आणि ब्राउझरची सत्ता

ब्राउझरला वापरकर्त्याने आपल्या सोयीची जोड द्यावी, ही कल्पना २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्सने लोकप्रिय केली. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ याच भूमीत वाढले. मात्र जुनी विस्तारके मोडण्याचा एक मोठा निर्णय मोझिलाचाच होता, हे सहसा विसरले जाते. नोव्हेंबर २०१७ मधील ५७व्या आवृत्तीने ती बंद केली. वेग व सुरक्षितता ही त्यामागील कारणे निराधार नव्हती.

गूगलने २०१८ मध्ये मांडलेल्या ‘मॅनिफेस्ट व्ही ३’चे स्वरूप निराळे होते. पूर्वी कोणती विनंती अडवायची, हे विस्तारक त्या क्षणी स्वतः ठरवी. नव्या पद्धतीत नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या स्वाधीन करावी लागते आणि निवाडा ब्राउझर करतो. सुरक्षिततेचा युक्तिवाद येथेही होता. परंतु गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे, ही बाब अभ्यासकास नजरेआड करता येत नाही. २०२४ पासून क्रोमने जुनी विस्तारके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि २०२५ मध्ये उरलासुरला आधारही काढला. ‘यूब्लॉक ओरिजिन’ची केवळ ‘लाइट’ आवृत्ती तेथे राहिली. मोझिलाने मात्र २०२४ मध्ये दोन्ही पद्धती चालू ठेवण्याचे जाहीर केले. त्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलशी झालेल्या शोधयंत्र-करारातूनच येत आला आहे.