धाराशिवची वेलांटी

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. ही दोन्ही नावे संगणकाला मात्र सारखीच अवघड आहेत. ‘उस्मानाबाद’मध्ये स अर्धा होऊन म ला चिकटतो. ‘धाराशिव’मधला ‘शि’ आपण आधी श आणि मग इकार असा उच्चारतो. संगणकही त्याच क्रमाने तो साठवतो. पण कागदावर वेलांटी श च्या आधी येते! ही उलटापालट संगणकाला कोणीतरी शिकवावी लागते. ती कोणी शिकवली आणि ते ज्ञान कोणाच्या ताब्यात राहिले, हे आपण पाहू.

डॉस ही जुनी कार्यप्रणाली देवनागरी जाणत नव्हती. म्हणून पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ नावाचे वेगळे कार्ड संगणकात बसवण्यासाठी दिले. पुढे विंडोज आले. निरनिराळ्या कंपन्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून फॉन्ट विकले. प्रत्येकाची मांडणी निराळी. त्यामुळे एका शाळेत टंकलेली प्रश्नपत्रिका, तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या शाळेत रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडे.

1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक दिला. परंतु क्रमांकाने वेलांटी जागेवर जात नाही. त्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात: अक्षरांचे आकार असलेला फॉन्ट आणि ते आकार नियमाने रचणारी आज्ञावली.

विंडोज 2000 मध्ये या दोन्ही गोष्टी आल्या. फॉन्ट होता ‘मंगल’. त्याची अक्षरे कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (1936–2008) यांनी रेखाटली होती. रचना करणाऱ्या आज्ञावलीचे नाव युनिस्क्राइब. सोय उत्तम झाली, पण तिला दोन कुलपे होती. परवान्यानुसार मंगल फॉन्ट नकलून दुसऱ्या कार्यप्रणालीसोबत वाटता येत नव्हता. आणि युनिस्क्राइबचा मूळ मजकूर बाहेरच्या कोणालाही वाचता येत नव्हता.

याची झळ लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींना बसली. शाळेला लिनक्स फुकट मिळे, पण त्यावर आपल्या जिल्ह्याचे नाव धड उमटेल याची खात्री नसे. मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्यांना सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून ‘रघू’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली निघाला. त्याचे रेखाटनही र. कृ. जोशींचेच! म्हणजे एकाच हाताची अक्षरे, एक कुलपाच्या आत आणि एक बाहेर. 2004 साली रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त केले. पुढे त्यांची देखभाल कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी केली.

दुसरे कुलूप अधिक अवघड होते. ‘हार्फबझ’ ही मुक्त रचना-आज्ञावली लिहिणाऱ्यांनी विकिपीडियावरील असंख्य शब्द युनिस्क्राइबला दिले. ते शब्द तिथे कसे रचले जातात हे पाहून त्यांनी आपली उत्तरे ताडून घेतली. बंद पेटीत काय आहे हे बाहेरून ओळखण्याचा हा प्रयोगच होता. आज फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड फोन याच आज्ञावलीने मराठी रचतात.

बंधनांमुळे मुक्त आज्ञावली तावूनसुलाखून निघाल्या, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. एकदा सुटलेले गणित दुसऱ्यांदा सोडवण्यात अनेक वर्षे गेली. वेलांटीचा नियम कोणा कंपनीने शोधलेला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या पाटीवर गिरवला गेला आहे. बंद होती ती फक्त त्याची यंत्राला कळणारी प्रत.

वर्गात एक प्रयोग करा. लिबरऑफिसमध्ये युनिकोड कळफलकाने आधी श आणि मग इकाराची कळ दाबा. वेलांटी टुणकन मागे जाईल. ती कोणाच्या सांगण्यावरून गेली, हे विद्यार्थ्यांना विचारा.