पंढरीचे दार आणि चोखोबांची समाधी

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की पडकी भिंत, गळके छप्पर आणि झिजलेली पायरी डोळ्यांसमोर येते. परंतु देवळाचे दुखणे नेहमी दगडातच असते असे नाही. पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिराचा इतिहास याची साक्ष देतो. तेथील भिंत खचली नव्हती. दार मात्र शतकानुशतके आपल्याच लेकरांना बंद होते.

संत चोखामेळा हे थोर विठ्ठलभक्त. तरी जातीमुळे त्यांना मंदिरात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे. त्या समाधीपासून दारापर्यंतचे अंतर काही पावलांचेच. पण ते ओलांडण्यास चोखोबांच्या समाजाला सहाशे वर्षे लागली.

विसाव्या शतकात हा प्रश्न ऐरणीवर आला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि असंख्य स्त्रीपुरुषांनी तो सुमारे पाच वर्षे नेटाने चालविला. मागणी होती ती माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काची. दार उघडले नाही. अखेर १९३५ साली येवला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आतल्यांनी वेळेवर दार उघडले नाही, तर बाहेरचा मनुष्य उंबऱ्यावर जन्मभर तिष्ठत राहत नाही. तो आपला मार्ग शोधतो.

दार उघडण्याचे कर्तव्य आतल्यांचेच आहे, हे ओळखले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी यांनी. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावण्याचे ठरविले. उपोषणापूर्वी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. गावोगावच्या सभांत त्यांनी लोकांच्या अंतःकरणाला हात घातला, आणि अनेक ठिकाणची देवळे व विहिरी लोकांनी आपण होऊन खुल्या केल्या. १ मे १९४७ रोजी पंढरपुरास उपोषण सुरू झाले. विरोध मोठा होता. अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. खुद्द महात्मा गांधींनी उपोषण थांबविण्याविषयी तार केली, तरी गुरुजी ढळले नाहीत. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, आणि मंदिर खुले होण्याचे आश्वासन मिळाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पंढरपुरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले, आणि त्यानंतर मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले.

कायद्याने दार उघडते. मन उघडण्यास मात्र माणसालाच पुढे व्हावे लागते. देऊळ उभे राहते ते कोणा एकाच्या बळावर नव्हे. कोणी देणगी देतो, कोणी दगड घडवितो, कोणी पाटी वाहतो. काम करताना ज्याचा हात चालला, त्याला पालखीला खांदा देताना, पंगतीत बसताना आणि पंचमंडळींत बोलताना मागे सारले, तर नवा कळसही फिका पडेल. गावाच्या एकीची खरी कसोटी कलशारोहणाच्या दिवशी लागत नाही. ती दुसऱ्या दिवशी, पाणवठ्यावर आणि पारावर लागते.

त्या कसोटीस समस्त ग्रामस्थ उतरोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.